पोटातून मऊ राहिलेला बोल्ट

मी एक जुना बोल्ट आहे. जुना म्हणालो खरा, पण मित्रांनो, खरं सांगायचं तर मी अर्धाच आहे. कमरेत मला करवतीने आडवं कापलं, कापलेली बाजू आरशासारखी घासली आणि तिच्यावर ॲसिडचा बोळा फिरवला. आता मी प्रयोगशाळेच्या खिडकीत कापलेली बाजू वर करून बसलेला असतो. येणारा-जाणारा मला हातात घेतो, उजेडाकडे धरतो आणि म्हणतो, "अरे, हा आतून असा आहे होय!" लोकांना फार तर तोंड लपवायची वेळ येते. मला पोट लपवायचं आहे आणि तेच सगळ्यांना दाखवत बसावं लागतं.

माझी हकिगत ऐकण्यासारखी आहे असं मला वाटत नाही. पण तिच्यात एका भल्या माणसाचं नाव खराब झालं होतं, आणि ते माझ्यामुळे झालं होतं. तेवढ्यासाठी सांगतो.

माझा जन्म पाच टनांच्या एका भट्टीत झाला. जन्म म्हणजे काय, मोडीत निघालेल्या लोखंडाचे तुकडे, जुने गज, गंजलेले पत्रे असं सगळं विजेच्या झळेने वितळवून एकत्र केलं होतं. त्या तांबड्या-पांढऱ्या रसात मी कुठेतरी होतो. नुसतं लोखंड फार मऊ असतं. त्याच्या शंभर भागांत एका भागाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा कार्बन मिसळला की त्याचं पोलाद होतं. थोडं मँगनीज घातलं की ते चिवट होतं. आणि माझ्यासारख्या जाड बोल्टांच्या पोलादात शेवटी आणखी एक गोष्ट पडते, बोरॉन. किती? एका टनाला पंचवीस ग्रॅम. म्हणजे हत्तीच्या ताटात चिमूटभर मीठ. पण ती चिमूट नसली तर हत्ती उभाच राहत नाही.

ती चिमूट काय करते ते समजून घ्या, कारण माझी सगळी लाज तिथेच आहे. थंड झालेलं पोलाद भिंगाखाली पाहिलं तर डाळिंबाच्या दाण्यांसारखे एकमेकांना चिकटलेले कण दिसतात. बोल्ट लालबुंद तापवून एकदम तेलात बुडवला की तो टणक होतो. पण आतल्या भागाला गारवा पोहोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात कणांच्या कडांपासून मऊपणा सुरू होतो. बोरॉन नेमकं त्या कडांवर जाऊन बसतं आणि मऊपणाला थोपवून धरतं. तेवढ्या सवडीत गारवा आत पोहोचतो आणि बोल्ट गाभ्यापर्यंत टणक होतो.

फक्त एक अट आहे. बोरॉन मोकळं असलं पाहिजे. वितळलेल्या पोलादात हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन दडून बसलेले असतात. बोरॉन दिसलं की ते त्याला असे बिलगतात की त्याच्या हातून पुढे काहीच काम होत नाही. म्हणून आधी ॲल्युमिनियम टाकायचं, ते ऑक्सिजनला गुंतवतं. मग टिटॅनियम, ते नायट्रोजनला धरून ठेवतं. आणि सगळ्यांत शेवटी बोरॉन. हा क्रम भट्टीवरच्या प्रत्येकाला झोपेतून उठवून विचारला तरी पाठ असतो.

आमच्या भट्टीवरच्या मुख्य माणसाला सगळे वस्ताद म्हणायचे. रसाच्या रंगावरून ते त्याची उष्णता सांगायचे आणि यंत्राचा आकडा नंतर त्यांच्यामागून यायचा. असा हुशार माणूस, पण माझ्या जन्माच्या महिनाभर आधी त्यांच्याकडून एक फजिती झाली होती. शेवटची बोरॉनची पुडी टाकायलाच ते विसरले. अख्खा घाणा, म्हणजे त्या खेपेचं सगळं पोलाद, हलक्या कामाला वळवावा लागला. वर हसं झालं ते वेगळंच. त्यांच्या कोटाच्या खुंटीला कुणीतरी रिकामी पुडी दोऱ्याने बांधली. जेवणाच्या सुट्टीत कुणी विचारी, "वस्ताद, डबा आणलाय ना आठवणीने?" ते वरवर हसायचे, पण त्यांनी कानाला खडा लावला होता. पुन्हा विसरायचं नाही, काय वाटेल ते झालं तरी.

माझ्या जन्माच्या दिवशी त्यांनी ती पुडी कोटाच्या खिशात ठेवली; बोरॉन लोखंडात मिसळलेलं असतं, म्हणून पुडी पाऊण किलोची. दर दोन मिनिटांनी खिसा चाचपत होते. भट्टी कलली, रस लेडल नावाच्या मोठ्या पातेल्यात ओतला जाऊ लागला, आणि विसरू नये, विसरू नये या घोकण्यात वस्तादांनी सगळ्यांत आधी बोरॉनच टाकलं!

पुडी रसात पडली तशी ती जळून गेली आणि बोरॉन आमच्यात आलं. ऑक्सिजन, नायट्रोजन टपलेलेच होते. ॲल्युमिनियमची थैली मागून आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. वस्तादांचा हात थैली टाकता टाकता मध्येच थबकला, ते मला खालून दिसलं. त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचंच लक्ष नव्हतं.

नमुना प्रयोगशाळेत गेला. तिथल्या मॅडमनी यंत्रावर पाहून फोनवर सांगितलं, "वस्ताद, बोरॉन अगदी बरोबर आहे. या खेपेला विसरला नाहीत!" यंत्र बोरॉन किती आहे ते सांगतं, मित्रांनो. त्यातलं मोकळं किती आणि गुंतलेलं किती, ते त्याला विचारावं लागतं, आणि कुणी विचारलं नाही. वस्तादांनी फोन ठेवला आणि घाम पुसला. आकडा बरोबर आला म्हणजे झालं असेल काम, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मीसुद्धा तशीच समजूत घातली. फुकटात मिळालेली शाबासकी नाकारायला जिवावर येतं.

पुढे आमच्या रसाचे ठोकळे झाले, ठोकळ्यांचे गज झाले आणि गजांचे बोल्ट. माझे काही भाऊ करंगळीएवढे बारीक होते. तेलात बुडताच ते गाभ्यापर्यंत टणक झाले, कारण त्यांच्यात गाभा असा होताच कितीसा? मी मनगटाएवढा जाड. माझी कड टणक झाली आणि पोट तसंच मऊ राहिलं. ओढून तोडायच्या परीक्षेला बारीक भावांतले तीन गेले आणि उत्तम उतरले. माझ्या डोक्यावर फक्त हिऱ्याचं टोक दाबून पाहिलं. डोकं टणकच होतं. माझ्या डोक्यावर घाण्याचा नंबर उमटवला, तेल चोपडलं आणि मी खोक्यात बसलो. तेव्हा माझी छाती किती फुगली होती म्हणून सांगू! मला वाटत होतं, माझ्यासारखा मीच.

मी गेलो एका बस दुरुस्तीच्या शेडमध्ये. तिथे छताखाली एक लांब गर्डर होता. त्यावरून चेनपुली सरकत जायची आणि बसची इंजिनं उचलून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायची. गर्डरच्या दोन तुकड्यांचा जोड पेलायला चार बोल्ट बसवायचे होते. आम्ही चौघंही एकाच घाण्याचे.

आम्हाला बसवलं ते तिथल्या फिटरने. शेडमध्ये त्यांना पावफेरे म्हणत, जणू आडनावच. कारण असं की बोल्ट आवळून झाला तरी त्यांचं समाधान व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडी लावून वर चढायचे, पाना घालायचे आणि अजून पाव फेरा बसतो का ते पाहायचे. बसला नाही की मगच नटावरून गर्डरपर्यंत पिवळ्या रंगाची एक सरळ रेघ ओढायचे. नट पुढे कधी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. त्यांनी रेघ ओढली की त्या कामाकडे कुणी पुन्हा पाहायचं नाही, इतकी त्यांच्या हातावर भिस्त.

दुसऱ्या दिवशी ते आले, तेव्हा मी पाव फेरा दिला. चांगला बोल्ट असा देत नाही. मी रात्रीतून केसभर लांबलो होतो. पावफेरे जरा थांबले, कपाळाला आठी घालून म्हणाले, "जोडावरचे पत्रे नवे आहेत, दबले असतील." ते तिसऱ्या दिवशीही आले. त्या दिवशी मी ताठ राहिलो, कारण वर ओझं नव्हतं. त्यांनी रेघ ओढली आणि समाधानाने खाली उतरले. मी गप्प बसलो. बोल्टाला बोलता येत नाही हे खरं, पण येत असतं तरी मी बोललो असतो का, याची मला आज खात्री देता येत नाही.

मग ओझी सुरू झाली. प्रत्येक इंजिनाबरोबर आम्ही चौघं थोडे थोडे ताणत गेलो. नट जागचा हलला नाही, रेघ तुटली नाही, पण जोड मात्र सैल होत गेला. आठव्या महिन्यात गर्डरच्या दोन तुकड्यांमध्ये बोटभर पायरी झाली होती. एका सकाळी चेनपुलीचं चाक त्या पायरीला अडखळलं, इंजिन जोरात हेलकावलं आणि हुकातून सुटलं. खाली एक डावखुरा मेकॅनिक उभा होता. तो मागे सरकला, पण पुरता नाही. त्याच्या पायाची दोन बोटं गेली.

चौकशीला साहेब आले. त्यांनी शिडीवर चढून माझा नट नुसत्या बोटांनी फिरवला. फिरला! ते खाली उतरून म्हणाले, "हा आवळलेलाच नव्हता."

"साहेब, आवळला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिला, तिसऱ्या दिवशीही पाहिला. तुम्ही हात लावेपर्यंत रेघ जशीच्या तशी होती."

"तेच म्हणतोय मी. रंग लावलात, पाना लावला नाहीत."

 ज्या रेघेने पावफेऱ्यांचं नाव झालं होतं, तीच त्यांच्यावर साक्ष देऊ लागली. त्यांचा पाना काढून घेतला आणि त्यांना फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे नंबर लिहायला. मेकॅनिकला भेटायला ते दवाखान्यात गेले, तेव्हा तोही डोळे मिटून म्हणाला, "दादा, खरं सांग. तू आवळला होतास ना नक्की?"

मला पावफेरे मोडीच्या ढिगातून नटासकट उचलून घरी घेऊन आले होते. जेवणाच्या टेबलावर मला समोर ठेवून तासन्‌तास बघत बसायचे. पहिला महिना ते म्हणायचे, "मी आवळला होता." दुसऱ्या महिन्यात म्हणायला लागले, "मला आठवतंय तरी तसंच." तिसऱ्या महिन्यात एकदा बायकोला म्हणाले, "त्या दिवशी घाई होती गं. राहिलं असेल माझ्याकडून. माणूस आहे मी." तेव्हापासून घरातल्या नळाला वॉशर घालायचा असला तरी ते शेजाऱ्याला बोलवायचे.

मित्रांनो, इंजिन पडलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण लाज वाटली ती या दिवशी. माझ्यासमोर एक माणूस स्वतःच्या खऱ्या आठवणीवरचा विश्वास गमावत होता आणि मी टेबलावर चकचकीत बसलो होतो.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. पावफेरे आणि वस्ताद हे एकमेकांचे साडू. वस्तादांची बायको थोरली बहीण, पावफेऱ्यांची धाकटी. दर महिन्याला एका रविवारी एकमेकांकडे जेवायला जायचं आणि कुणाचं काम मोठं यावरून चिडवाचिडवी करायची, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. वस्ताद म्हणायचे, "आम्ही घडवतो, तुम्ही नुसतं पिळता." त्यावर पावफेरे म्हणायचे, "आम्ही पिळतो म्हणून तुमचं घडवलेलं जागेवर राहतं."

अपघातानंतर वस्ताद पहिल्यांदा पावफेऱ्यांकडे जेवायला आले, त्या रविवारी कुणी कुणाला चिडवलं नाही. वस्ताद साडूला हसवायचा प्रयत्न करत होते. "अहो साडूभाऊ, तीन महिने सुतक पाळल्यासारखं काय बसलाय? होतं एखाद्याच्या हातून." असं म्हणत त्यांनी मला सहज उचललं आणि डोक्यावरचा घाण्याचा नंबर वाचला.

घास त्यांच्या तोंडातच राहिला.  हात थैलीवर थबकला होता तो क्षण त्यांना आठवला, आणि मलाही.

"भाऊजी, काही तिखट लागलं का? पाणी देऊ?" पावफेऱ्यांच्या बायकोने विचारलं.

"नको," एवढंच ते म्हणाले. ताट संपवलं, हात धुतले. निघताना विचारलं, "साडूभाऊ, हा बोल्ट नेऊ का? बघतो जरा."

पावफेरे म्हणाले, "न्या की. पण त्यात काय बघणार? त्याचा काही दोष नाही. दोष माझ्या हाताचा."

माझी बाजू आजवर कुणी इतक्या मनापासून घेतली नव्हती. जमिनीने मला पोटात घ्यावं असं वाटलं.

आठ दिवस मी वस्तादांच्या कोटाच्या खिशात होतो, ज्या खिशात पूर्वी ती पुडी होती त्याच. ते दर दोन मिनिटांनी मला चाचपायचे. घरी थोरलीने विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?" तर तिच्यावर खेकसले. आठव्या दिवशी भट्टीत मोड टाकणं चाललं असताना ते कडेला आले. त्यांनी मला बाहेर काढलं. खाली लाल रस खदखदत होता. त्यात मला टाकलं की दोन मिनिटांत मी, माझा नंबर आणि माझं मऊ पोट कायमचं नाहीसं होणार होतं. कुणाला काही कळलं नसतं. पावफेरे फाटकावर नंबर लिहीत राहिले असते.

खोटं कशाला सांगू? तेव्हा मला वाटलं, टाकावं त्यांनी. सुटलो. दोघंही सुटलो. माझ्या सगळ्या आयुष्यात याहून लाजिरवाणा विचार मी केलेला नाही, आणि तो तुम्हाला सांगतानाही मला जड जातं.

वस्तादांचा हात वर गेला. मला नीट पकडताना त्यांचा अंगठा नटावर आला. तिथे पिवळ्या रंगाचा एक तुकडा अजून चिकटलेला होता. त्यांनी हात खाली घेतला आणि त्या रेघेकडे पाहिलं. ती केवढी सरळ होती! शिडीवर उभं राहून, मान वाकडी करून, छताच्या अंधारात कुणाला दिसणारही नाही अशा जागी कुणीतरी ती इतकी सरळ ओढली होती. वस्तादांच्या तोंडून शब्द गेला, "हा माणूस काम अर्धं सोडणारा आहे का?" जवळ कुणी नव्हतं. ते स्वतःलाच विचारत होते.

ते तडक जिना उतरून प्रयोगशाळेत गेले आणि मला मॅडमच्या टेबलावर ठेवलं. "मॅडम, हा कापा. आत काय दिसेल ते मी आधीच सांगतो."

त्यांनी सांगितलं. मॅडमनी हातमोजे चढवले. मग त्यांनी मला शिकंज्यात धरलं. करवत कडेला किंचाळली आणि पोटात शिरताच तिचा आवाज मवाळ झाला. तेवढ्यावरूनच कळलं होतं, तरी त्यांनी मला घासलं, ॲसिड लावलं. कडेला गडद कडं उमटलं आणि मध्ये फिकट, मऊ गाभा. मॅडम म्हणाल्या, "वस्ताद, तुम्ही एकटे नाही. बोरॉन आहे की नाही एवढंच मी पाहिलं. ते कुणात अडकलंय ते पाहिलं नाही. सही माझी आहे."

दुसऱ्या दिवशी वस्ताद मला घेऊन शेडमध्ये गेले. साहेबांसमोर त्यांनी सगळं सांगितलं, मध्ये कुठेही न थांबता. फाटकावरून पावफेऱ्यांना बोलावलं होतं. त्यांनी मला हातात घेतलं आणि माझ्या पोटावरून नख ओढलं. बराच वेळ ते तेच करत राहिले.

"म्हणजे मी आवळला होता," ते म्हणाले.

"तुम्ही आवळला होता," वस्ताद म्हणाले.

ते तिथेच पायरीवर बसले आणि सगळ्यांच्या देखत रडले. मग डोळे पुसून त्यांनी वर पाहिलं. "साडूभाऊ, त्या रविवारी नंबर वाचलात आणि माझ्या घरी जेवलात?"

"हो," वस्ताद म्हणाले. 

पाना परत मिळाला. साहेबांनी आपलं आधीचं ठपक्याचं पत्र सगळ्यांसमोर फाडलं आणि नवं लिहिलं. मेकॅनिक कुबड्या टेकत आला आणि पावफेऱ्यांचा हात धरून नुसता उभा राहिला. वस्तादांना भट्टीवरून उतरवलं. आता ते मोडीच्या आवारात तुकडे निवडतात, आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

पण आमच्या घाण्याचे आणखी एकोणीस जाड बोल्ट निरनिराळ्या ठिकाणी बसलेले होते. ते शोधून काढायला हवे होते. पावफेरे म्हणाले, काढीन मीच. वस्ताद म्हणाले, मी बरोबर येतो. सहा दिवस दोघं फिरत होते. एक शिडीवर, एक खाली. एक सोडवायचा, दुसरा झोळीत घ्यायचा. सहा दिवसांत दोघांमध्ये "धर" आणि "दे" याखेरीज शब्द झाला नाही. एकोणिसावा बोल्ट निघाला आणि त्याच्या जागी नवा बसला, तेव्हा पावफेऱ्यांनी खाली पाहून पाना पुढे केला. म्हणाले, "उद्या पाव फेरा बघायला तुम्ही या." वस्तादांनी पाना दोन्ही हातांनी घेतला. त्यांना माफ केलं असा याचा अर्थ होतो की नाही, ते मला ठरवता येत नाही. ते दुसऱ्या दिवशी गेले एवढं खरं.

मित्रांनो, तुमच्याकडे मला एकच मागायचं आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुणी साहेब व्हाल, कुणी चौकशीला याल. तुमच्यासमोर एखादा माणूस उभा राहील आणि म्हणेल, मी माझं काम नीट केलं होतं. सगळं त्याच्या विरुद्ध दिसत असेल. त्याला खोटं ठरवायच्या आधी आम्हाला कापून बघा. आम्हाला दुखत नाही. त्याला दुखतं.